गेरूचा पहिला हात

आमच्या घरात पावडरचा एकच डबा होता आणि तो होळीला, लग्नाला आणि फोटोला उघडायचा. कुडाच्या भिंतीत एक खोबण होती, तिच्यात कंगवा, आरशाचा तुकडा आणि हा गुलाबी डबा. डब्यावर एका गोऱ्यापान बाईचं चित्र होतं; बोटं लागून लागून तिचं नाक पार पुसून गेलं होतं. आई आम्हां दोघी बहिणींना पुढ्यात बसवायची, तळहातावर पावडर पाडायची, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायची आणि आमच्या तोंडाला फटाफट फासायची. "डोळे मीट गो, डोळे मीट," म्हणेपर्यंत निम्मी पावडर डोळ्यांत गेलेली असे. मग आम्ही एकमेकींकडे बघून हसत सुटायचो. कान काळे, गळा काळा आणि मधे तेवढं पांढरं, पिठाच्या गिरणीत तोंड घालून आल्यासारखं. पण त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण पाड्यावरची सगळीच पोरं सणाला तशी दिसायची. नटणं म्हणजे पांढरं होणं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मी काळी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची पंचाईत नको. सावळी नाही, गव्हाळ नाही, लग्न जुळवणारे म्हणतात तशी निमगोरी तर नाहीच नाही. मागे मुंबईहून एक मुलगी माझी मुलाखत घ्यायला आमच्या तलासरीच्या मेकअपच्या युनिटवर आली होती. गोड पोर, पण एक शब्द तिच्या घशात अडकला होता. शेवटी चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "मॅडम, तुमच्याबद्दल डस्की लिहिलं तर चालेल ना?" मी म्हटलं, "बाई, सरळ काळी लिही. दोनच अक्षरं आहेत, तुझी जागाही वाचेल." ती लाजली, मग हसली, आणि तिने खरंच तसं लिहिलं. आमच्या ब्रँडचं नाव मात्र मी या पुस्तकात लिहिणार नाही. ज्यांना लागतं त्यांना ते माहीत आहे, आणि आत्मचरित्रातून जाहिरात करण्याएवढी मी अजून व्यापारी झालेले नाही.

आमचा पाडा गंजाडच्या अंगाला. बाबा डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला. उजाडायच्या आत निघायचे आणि परत येताना त्यांच्या अंगाला चिकूच्या चिकाचा वास यायचा, अंघोळ केली तरी न जाणारा. आई पावसाळ्यात लोकांच्या भाताच्या लावणीला, बाकीच्या दिवसांत मिळेल त्या कामाला. त्यामुळे घर चालवायची ती कमळी. कमळी म्हणजे माझी थोरली बहीण. मला आठवतंय तेव्हापासून सकाळी कानावर पहिला आवाज पडायचा तो तिच्या मुसळाचा, दुसरा तिच्या बांगड्यांचा आणि तिसरा तिच्या ओरडण्याचा, "रमिले, ऊठ, नायतर पाणी ओतीन!" ती नागलीची भाकरी अशी थापायची की काठ कुठेही चिरायचा नाही. त्याबरोबर सुक्या बोंबलाची चटणी, नाहीतर उडदाची दाट आमटी. घाईच्या दिवशी नुसती आंबील आणि कांदा. आज माझ्या टेबलावर काय काय येतं, पण भूक लागली की माझ्या जिभेला आधी ती चटणी आठवते. चौथीनंतर दोघींपैकी एकीलाच शाळेत धाडता येईल असं घरात ठरलं, तेव्हा कमळीनेच माझं दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं होतं. "माझं डोकं नाय चालत पुस्तकात," म्हणाली. तिचं डोकं माझ्याहून चांगलं चालायचं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

आणि कमळी घरात सगळ्यांत काळी. माझ्याहूनही दोन हात पुढे. ऊन पडलं की तिच्या गालावर एक तांबूस चमक यायची, भाजलेल्या मडक्याला असते तशी. मला ती फार आवडायची. पण तिला नावं ठेवायला लोकांना काही कारण लागत नसे. मागणं घालायला आलेले लोक तिच्या हातचं जेवून, बोटं चाटून, "कळवतो" म्हणून जायचे आणि कळवायचे नाहीत. कमळी भांडी घासायला बसायची आणि त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजायची.

दहावी झाल्यावर मी डहाणूला हंसाबेनच्या पार्लरमध्ये कामाला लागले. पार्लर म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. हंसाबेन उंचीने एवढीशी, पण आवाज असा की समोरच्या फरसाणवाल्यालाही ऐकू जावा. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि रागावली की सगळंच गुजराती. पहिल्या दिवशी मला आरशासमोर उभं करून म्हणाली, "जो बेटा, आ धंद्यात हात हलका पायजे आणि जीभ गोड पायजे. हात शिकवीन. जीभ तुझी तू बघ." तिने मला थ्रेडिंगचा दोरा दातात धरायला शिकवला, मेंदी भिजवायला शिकवलं, गिऱ्हाइकाचं तोंड पुसताना बोटाचं टोक नाही, पोट लावायचं, हे शिकवलं. दुपारी तिच्या डब्यातली निम्मी भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची भाजी माझ्या वाटणीची. एका पाड्यावरच्या पोरीला आपल्या ताटात जेवू घालणारी बाई त्या बाजारात दुसरी कोणी नव्हती. तिचे उपकार फेडायचे कसे हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता ती नाही.

पार्लरमध्ये नवरीचा मेकअप म्हणजे पॅनकेक. एक गोल डबी, तिच्यात घट्ट दाबलेला गुलाबी रंग, ओल्या स्पंजाने उचलायचा आणि तोंडभर लावायचा. दुकानात ती एकाच रंगाची मिळायची. म्हणजे आणखी एक रंग होता, पण तो याहूनही गोरा. येणाऱ्या नवऱ्या गोऱ्या असोत, सावळ्या असोत, सगळ्या त्याच डबीतून निघायच्या. सावळ्या बायकांवर तो कसाबसा खपून जायचा. आमच्यासारख्यांवर काय होतं ते मला सायवनला कळलं.

सायवनला आमच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. हंसाबेनला नवरीच्या मेकअपसाठी बोलावलं होतं आणि कमळी करवली होती. नवरीचं आटोपल्यावर हंसाबेनने मोठ्या मायेने कमळीला समोर ओढलं. "चाल, तने पण चकाचक करते." कमळी नको नको म्हणत होती, पण मनातून हरखली होती, मला तिच्या पायांच्या बोटांवरून कळत होतं. आरसा लहान, खोलीत अंधार. सगळ्यांना छान वाटलं. बाहेर आली तेव्हा फोटोवाला सगळ्यांना ओळीत लावत होता. त्याने कमळीकडे बघितलं आणि हाताने माशी वारल्यासारखं करून म्हणाला, "ती काळी मागे घ्या. पुढे नको, फोटो खराब होतो." कमळी मागे जाऊन उभी राहिली. त्याहून वाईट पुढे व्हायचं होतं. काही दिवसांनी लग्नाची कॅसेट आली. मामाने भाड्याने टीव्ही आणला, अख्खा पाडा अंगणात बसला. हॅलोजनच्या उजेडात कमळीचं तोंड आलं आणि ते गोरंही नव्हतं, काळंही नव्हतं. ते राखाडी होतं. चुलीतून विझलेलं लाकूड काढावं तसं. कोणीतरी ओरडलं, "अरे, मढं उठून आलं!" आणि हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा हसले. कमळी माझ्या शेजारीच बसली होती. उठली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला लागली.

त्यानंतर वर्षभराने तिचं जमलं. मुलगा वेवजीचा, नाव सोमा, उंबरगावला कारखान्यात जायचा. त्याने कमळीला आमच्या बाजाराच्या दिवशी कोणाशी तरी भांडताना बघितलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं, हीच. मला तो तेव्हाच आवडला. सगळं ठरलं, आणि मग निरोप आला की मुलाकडच्यांनी हौसेने फोटोवाला सांगितलाय, शूटिंगसुद्धा करणार. आई खूश झाली. आमच्या घरात कमळीचा एकही फोटो नव्हता, ती कधी उभीच राहायची नाही. आई म्हणाली, "पोरगी गेली की भिंतीवर तोंड तरी दिसल." कमळी ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "आये, मी पदर पुढं ओढून बसणार. हळदीपासून पाठवणीपर्यंत. कोणी पदराला हात लावला तर मांडवातून उठून जाईन, आनि मंग नवरा बी नको." आईला वाटलं, लाजतेय. मला माहीत होतं ती लाजत नव्हती. कमळीने एकदा नाही म्हटलं की ते नाहीच, पाऊस थांबेल पण ती ऐकणार नाही. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. जिने मला शाळेत घातलं ती आपल्याच लग्नात तोंड झाकून बसणार, आणि मी तोंड सजवण्याचं काम करते.

मी तिला पावडर न लावताच बस म्हणून सांगून बघितलं. "साधीच बस ना, तशीच छान दिसतेस." ती म्हणाली, "सगळ्या नवऱ्या नटतात. मी एकटीच का नाय नटायचं? मला नटायचंय गो. पण मला मीच दिसायला पायजे." हे तिने पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. मी हंसाबेनला विचारलं, आमच्या रंगाची डबी कुठे मिळेल का. ती सायवनच्या कॅसेटबद्दल ऐकून होती आणि तिला ते लागलंही होतं. तिने दुकानातली खोकी उलटीपालटी केली, माल देणाऱ्या वापीच्या माणसाला विचारलं, आणि हात वर केले. "काळ्या रंगाचा बनतच नथी, बेटा. कोण बनवेल?"

आमच्याकडे लग्नाआधी घराची भिंत लिहितात. कारवीच्या कुडाला शेणामातीचं सारवण असतं, त्यावर गेरूचा हात द्यायचा, तो वाळला की तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने चौक, म्हणजे लग्नदेवीचं चौकोनी चित्र, काढायचा. चौक सवाष्णींनीच काढायचा, आम्ही बिनलग्नाच्या पोरी नुसत्या सारवायला आणि पीठ कालवायला. चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही, आणि लग्न लावते तीही बाईच, तिला धवलेरी म्हणतात. कमळीच्या लग्नाची भिंत लिहायच्या दिवशी माझी मावशी, सुंदरमावशी, उशिरा आली. वाटेत कोणाकडे तरी घोटभर ताडी झाली होती, गाणं म्हणतच आली. मधली भिंत आम्ही गेरूने सारवून वाळवली होती आणि सवाष्णींनी तिच्यावर चौक काढायला घेतला होता. बाजूच्या भिंतीला अजून गेरू लागायचा होता. मावशीने आव बघितला ना ताव, काडी घेतली आणि बाजूच्या भिंतीवर सरळ शेणाच्या सारवणावरच पीठ ओढायला सुरुवात केली. चांगली हातभर वेल काढून झाल्यावर आई ओरडली, "अगो सुंदरे, डोळे हायत का करवंदं? गेरू कुठंय खाली?" सगळ्या बायका खदाखदा हसायला लागल्या. मावशी स्वतःच मागे सरकून बघायला लागली आणि म्हणाली, "आय गो, हे तर मेल्यावानी दिसतंय!"

मी पिठाची परात हातात घेऊन उभी होते. बाजूच्या भिंतीवरचं पीठ राखाडी दिसत होतं, धुरकट, विझलेलं. मधल्या भिंतीवर तेच पीठ, त्याच परातीतलं, तसल्याच काडीने काढलेलं, आणि ते उजळून निघालं होतं. मला कमळीचं कॅसेटमधलं तोंड दिसलं, अगदी तेच. लहानपणापासून मी हे सारवण बघत होते, गेरूने माझी नखं कितीदा लाल झाली होती, आणि तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं की काळ्यावर नुसतं पांढरं घातलं तर ते राखेचंच होणार. मधे तांबडं पाहिजे. आईने मावशीचं पीठ ओल्या फडक्याने पुसलं, भिंतीला गेरूचा हात दिला, आणि मी परात तिथेच ठेवून गेरूचं एक ढेकूळ ओच्यात बांधलं.

आता इथे थांबून एक सांगते, कारण आजकाल लोक वाचतात आणि घरी करायला जातात. करू नका. मातीचा गेरू तोंडाला लावायची वस्तू नाही, त्यात काय काय असतं कोणास ठाऊक. आमच्या युनिटमध्ये येतो तो शुद्ध केलेला, तपासलेला रंग, आमची केमिस्ट मुलगी मला त्याला बोटसुद्धा लावू देत नाही. पण ती पहिल्यांदा कामावर आली आणि तिने मला समजावलं की मॅडम, जगातल्या सगळ्या फाउंडेशनमध्ये पांढऱ्यात मिसळायला मुळात तीनच रंग असतात, तांबडा, पिवळा आणि काळा, आणि तांबडा म्हणजे लोखंडाचा गंज, गेरूत असतो तोच, तेव्हा मी खुर्चीत बसून इतकी हसले की ती बिचारी घाबरली.

तर, मी गेरू कुटला, पाण्यात कालवला, खडा आणि रेती खाली बसू दिली, वरचं लाल पाणी फडक्यातून गाळलं, पुन्हा बसू दिलं, पुन्हा गाळलं. वाळवल्यावर हाताला लागेल न लागेल अशी भुकटी उरली. हंसाबेनकडे एक पॅनकेकची डबी पडून फुटली होती, ती मी मागून घेतली. ती म्हणाली, "फुटेली वस्तूचं काय करशील?" मी म्हटलं, "खेळते." खोबरेल तेलात सगळं घोटलं आणि कमळीला पकडून घराच्या मागे, करंजाच्या झाडाखाली बसवलं. तिने हनुवटीखाली थोडं लावू दिलं, आरशाच्या तुकड्यात बघितलं आणि भडकली. "मला मारुती करतेस काय? शेंदूर फासतेस?" खरंच लालभडक दिसत होतं. मग त्यात चुलीवरच्या पत्र्याची काजळी घातली, तर ते जांभळ्याच्या अंगाने गेलं. मग पिवडी, म्हणजे पिवळी माती, गेरूसारखीच गाळून. कमी जास्त, कमी जास्त. कमळी सुपात वाल निवडत बसायची आणि मान वर करून द्यायची, जशी गाय मान देते. रोज बसायची. एके दुपारी मी लावलं, चोळलं आणि शोधायला लागले की कुठे लावलं होतं. सापडेना. हनुवटी तीच, फक्त जरा गुळगुळीत, आणि ती मडक्याची चमक होती तशीच. कमळीने आरसा घेतला, मान इकडे केली, तिकडे केली. "कुठंय?" म्हणाली. मी म्हटलं, "तेच तर!"

पण तिने पदराचं काही कबूल केलं नाही. "बघू," एवढंच.

आणि मग हळद लागली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस बायकांनी तिला हळदीने अशी माखली की लग्नाच्या सकाळी अंघोळ घालून आणली तरी कातडीवर पिवळेपणा बसलेला. मी माझी डबी उघडली, गालावर बोट फिरवलं. रंग जुळत नव्हता. पिवळ्यावर पिवळं बसून तोंड आजारी माणसासारखं दिसायला लागलं. बाहेर मांडवात धवलेरीचं गाणं सुरू झालं होतं, वेवजीची मंडळी येऊन बसली होती, फोटोवाला दाराशी येऊन विचारून गेला होता. कमळीने माझ्याकडे बघितलं. तिने आरसा मागितला नाही, माझं तोंड बघूनच तिला कळलं. हात डोक्यावर नेला, पदर पुढे ओढला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे रमिले. तू लय केलंस. मी नाय रागावले." ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आई दारात आली, तिने आम्हां दोघींकडे बघितलं, माझ्या हातातल्या डबीकडे बघितलं आणि भिंतीबद्दल बोलावं तसं म्हणाली, "पिवळं वर आलं तर तांबडं वाढव ना. रडतेस काय?"

बस. एवढंच. मी कमळीचा पदर मागे सारला, गेरूची उरलेली भुकटी बोटाने उचलली, तळहातावर तेलात घोटली, किंचित काजळी, आणि पिवडीला हात न लावता कमळीच्या तोंडावर उतरवत गेले. कपाळ, गाल, नाकाच्या कडा, कानांच्या पाळ्या, गळा. आयुष्यभर गळा काळा आणि तोंड पांढरं बघितलं होतं, म्हणून गळा मी नीट मिसळून घेतला. काजळ घातलं, कुंकू लावलं. मग खुंटीवरचा मोठा आरसा काढून, तो हंसाबेनने खास दिला होता, तिच्यासमोर दारातल्या उजेडात धरला. कमळी बघत राहिली. बाहेरून धवलेरीची हाक आली, "आणा गो नवरी!" तरी ती बघतच राहिली. मग तिने आपल्या गालाला बोट लावलं, बोट उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "मीच हाय की गो ही." पदर तिने नीट डोक्यावर घेतला, कानांच्या मागे. पुढे नाही.

मांडवात ती तोंड वर करून चालत गेली. वेवजीच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, सोमा तर आ वासून बघत होता, कोणीतरी त्याला चिमटा काढला. फोटोवाल्याने हॅलोजन लावला. उजेड तिच्यावर पडला आणि तिचं तोंड राखाडी झालं नाही. ती मडक्याची तांबूस चमक गालावर तशीच राहिली. फोटोवाला कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "ताई, जरा पुढे या. अजून पुढे." कमळी पुढे गेली. मी मांडवाच्या मेढीला धरून उभी होते आणि हमसाहमशी रडत होते. लोकांना वाटलं बहीण सासरी चालली म्हणून. तेही होतंच म्हणा.

फोटो आला तेव्हा मी तो हंसाबेनला दाखवायला नेला. तिने चष्मा लावला, फोटो दाराशी नेऊन बघितला, मग मला आपल्या खुर्चीवर, मालकिणीच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. म्हणाली, "मने पण शीखव." तिच्याच खोलीत आम्ही पहिल्या डब्या घोटल्या, तिच्याच ओळखीने वापीहून चांगला रंग मिळाला, आणि गंजाड, सायवन, वेवजी, जिथून जिथून काळ्या पोरी नवरी व्हायला यायच्या तिथे तिथे तिने मला स्वतः नेलं. पुढचं सगळं त्या खोलीतून निघालं. कष्ट पडले, लोकांनी दारं लावली, त्याचं रडगाणं गायची मला इच्छा नाही. मला माणसं चांगली भेटली. तो फोटो आईच्या भिंतीवर होता, आई गेल्यावर कमळीने वेवजीला नेला. इतक्या वर्षांत त्याचा रंग उडालाय, लुगडं गुलाबी पडलंय, पण ती तोंड वर करून बघतेय ते तसंच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या सगळ्या शेड्स नव्याने लावायच्या होत्या. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या, कारण आमच्या दारात आलेल्या कोणालाही परत पाठवायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. केमिस्ट मुलीने टेबलावर डब्या ओळीने मांडल्या. सवयीप्रमाणे गोरी पहिली, मग जरा कमी गोरी, असं करत करत सगळ्यांत काळी पार शेवटी, भिंतीला टेकून. मी म्हटलं, "फिरव." ती म्हणाली, "मॅडम, सगळीकडे असंच असतं, गोऱ्यापासून सुरू." मी म्हटलं, "माहितीय मला. फिरव." तिने ओळ उलटी केली. त्याच दिवशी कमळी आली, पिशवीत नवे तांदूळ आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. आता केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, जिभेची धार तेवढी जागेवर आहे. ती टेबलाशी आली, काही न विचारता पहिल्या डबीत बोट बुडवलं आणि हनुवटीखाली चोळलं. मी शोधलं, सापडलं नाही.

"ही माझी?" तिने विचारलं.

"तुझी."

"आनि ह्या मागच्या?"

"त्या बाकीच्यांच्या. गोऱ्या बायका तिकडे, शेवटाला."

ती ओळीच्या त्या टोकापर्यंत बघत गेली आणि परत आपल्या डबीपाशी आली. मला वाटलं, हसेल, नाहीतर मला काहीतरी टाकून बोलेल. तिने डोक्यावरचा पदर कानांमागे सारला, टेबलाच्या अगदी पुढे येऊन उभी राहिली आणि केमिस्ट मुलीला म्हणाली, "मोबाईल हाय ना तुझ्याकडं? काढ गो माझा एक फोटो."